रडणारी श्रद्धा, विचारणारी श्रद्धा : कोकण किनाऱ्यावरची पार्श्वभूमी

प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, आला की वसईच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्त्यांत, एक वाद हमखास निघतो. प्रार्थनासभेत हात उंचावून स्तुती करणारे, डोळे भरून येणारे, आजारातून उठल्याची साक्ष देणारे एका बाजूला. ‘हे सगळं भावनेच्या भरात चाललंय, बायबल उघडून समजून कोण घेतो?’ असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. पुष्कळदा हा वाद घरातच असतो. आई रिट्रीटहून, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराहून, भारावून येते, कॉलेजात जाणारा मुलगा प्रश्न विचारतो आणि दोघांनाही समोरच्याची श्रद्धा कच्ची वाटते. दोघांबद्दलही मला आदर आहे, म्हणूनच ही पार्श्वभूमी मांडावीशी वाटते. भावना आणि बुद्धी यांचे असे दोन पक्ष पाडणं ही या किनाऱ्याची जुनी रीत नव्हती.

मुळात ख्रिस्ती परंपरेतच असे पक्ष नव्हते. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर येशूने सांगितलं, की देवावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने आणि पूर्ण शक्तीने प्रीती कर. मार्कच्या शुभवर्तमानात ही चारही एका ओळीत येतात. रोमन जगातल्या स्टोइक विचारवंतांनी भावनांपासून मुक्त असलेला माणूस हा आदर्श मानला होता. पुढे संत ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला, मग रडणं हा दुबळेपणा कसा, हा त्यांचा मुद्दा होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी भावनांवर सविस्तर लिहिलं. भावना स्वतःहून चांगली नाही आणि वाईटही नाही. बुद्धी आणि इच्छाशक्ती तिला कुठे नेतात त्यावर तिचं मोल ठरतं, असं त्यांचं म्हणणं.

कोकणात हा विचार पोहोचला तो येशूसंघीयांबरोबर, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंबरोबर. त्यांचे संस्थापक इग्नाशियस लोयोला हे सैनिक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळले. कोणत्या विचारांनी मन काही काळ हुरळतं आणि मग कोरडं पडतं, कोणत्या विचारांनी आलेला आनंद टिकतो, हे त्यांनी त्या दिवसांत स्वतःवर तपासलं. त्यातून त्यांची आध्यात्मिक साधना उभी राहिली. या साधनेत शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, त्यातली माणसं पाहायची, त्यांचं बोलणं ऐकायचं, मनात काय उमटतं ते टिपायचं आणि मग पारखायचं. भावना इथे पुराव्यासारखी असते: तिची दखल घ्यायची, पण निकाल लगेच द्यायचा नाही. इग्नाशियस यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४० च्या दशकात वसईला येऊन गेले, आणि पुढे वसई-ठाण्यात येशूसंघीयांचं काम रुजलं.

या शिकवणीचं सर्वांत सुंदर फळ गोव्याच्या साष्टी भागात आलं. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, इथली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये राचोलला त्यांचं ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचं जुन्या पुराणांचं श्रवण सुटलं होतं. कथा ऐकण्याची त्यांची भूक भागवायला हवी, हे स्टीफन्स यांनी ओळखलं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती ग्रंथाची रचना. ऐकणारे मध्येच शंका काढतात, पाद्री उत्तर देतो आणि कथा पुढे सरकते. शंका काढणाऱ्याला तिथे कुणी अश्रद्ध म्हणत नाही. त्याच्या प्रश्नामुळेच कथेला पुढची वाट मिळते. ओवीचा गोडवा आणि प्रश्नाची धार एकाच ग्रंथात, एकाच बैठकीत नांदतात. आज दोन गटांत वाटून घेतलेल्या गोष्टी चारशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर अशा एकत्र होत्या.

त्या काळाचं चित्र फार उजळही करू नये. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली गेली, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. सत्तेच्या धाकाने जिथे माणसं चर्चमध्ये आणली गेली, तिथे त्यांचं मनही विचारात घेतलं नाही आणि बुद्धीही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज सत्ता गेली, तरी इथली ख्रिस्ती वस्ती टिकली. राजाश्रय नसताना ती टिकवली घराघरांतल्या जपमाळेने, नोव्हेनांनी (नऊ दिवसांच्या प्रार्थनांनी) आणि सणवारांनी. वसईच्या सामवेदी आणि वाडवळ समाजांतल्या आज्यांची ही भक्ती भाबडी म्हणून उडवून लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी लाट आली ती प्रॉटेस्टंट. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोटला काम सुरू केलं, मग हर्णैला. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन मराठी शिकायला हर्णैलाच राहिले. या मंडळींचा भर शाळा, छापील पुस्तिका आणि वादविवाद यांवर होता. धर्म खरा की खोटा हे पुराव्यांनी सिद्ध करता येतं, अशी त्या पिढीची खात्री होती. मुंबईत विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकर यांनी वाद केला. १८५७ मध्ये कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातले विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालू लागले. मिशनऱ्यांनी पुराणांना लावलेल्या कसोट्या या पंडितांनी बायबललाच लावल्या. वाद गाजले, मराठी गद्याला त्यातून धार आली. पण ख्रिस्ती होणारे थोडेच निघाले. श्रद्धा म्हणजे वादात जिंकायचा मुद्दा, ही समजूत आपल्याकडे याच काळात पक्की झाली असं मला वाटतं. भावनेला बुद्धीची विरोधक मानण्याची सवयही तिच्याच मागून आली.

ही कोंडी फोडली कोकणच्याच माणसाने. दापोली भागातल्या करजगावचे नारायण वामन टिळक यांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियनाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अभंगाच्या वळणाची त्यांची गीतं आणि त्यांची ख्रिस्ती कीर्तनं यांमुळे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना स्वतःचा सूर सापडला. कीर्तनात पूर्वरंगात विवेचन आणि उत्तररंगात आख्यान असतं. दोन्ही ऐकल्याशिवाय श्रोता उठत नाही.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र वेगळ्या वाटेने आल्या. नवऱ्याच्या धर्मांतराने त्या उन्मळून पडल्या, काही वर्षं दूर राहिल्या. पुढे जातिभेदाचा विचार करताना, हे भेद देवाने केलेले असणं शक्य नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच पोहोचल्या आणि मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला मोकळ्या झाल्या. शाळेत न गेलेली बाई विचाराने आली आणि विद्वान कवी मनाने आला. बायका भावनाप्रधान आणि शिकलेले बुद्धिवादी, असं सहज म्हणणाऱ्यांना हे जोडपं मोठी अडचण आहे.

आजच्या प्रार्थनासभांचं मूळ १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला सुरू झालेल्या कॅथोलिक कॅरिस्मॅटिक चळवळीत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या चळवळीत, आहे. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकभाषेत आली होती. लोकांना आता आपल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करायची होती. ही गरज खरी होती, आणि मराठीत मोकळेपणाने देवाशी बोलणाऱ्या माणसाला हसणं मला पटत नाही. पण धोकाही खराच आहे. औषध बंद करायला सांगणारा किंवा रडू न येणाऱ्याला पापी ठरवणारा उपदेशक माणसाचं नुकसान करतो. व्हॅटिकननेही सप्टेंबर २००० मध्ये आरोग्यासाठीच्या प्रार्थनांबाबत सूचना काढल्या. अशा सभांत उन्माद, कृत्रिमता, नाटकीपणा किंवा सनसनाटी यांना थारा नको, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. त्याआधी दोन वर्षं पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा आणि बुद्धी यांना सत्याकडे झेपावणारे दोन पंख म्हटलं होतं.

रिट्रीटहून परतलेल्या तरुणांना बहुधा ठाऊक नसते अशी एक गोष्ट इग्नाशियस यांनी साधना करवून घेणाऱ्या मार्गदर्शकांसाठी लिहून ठेवली आहे. साधक आनंदाने भारून गेला असेल, तर त्याला घाईने कोणतंही व्रत किंवा वचन घेऊ देऊ नये. मन उदास, कोरडं असेल, तर आधी शांतपणे केलेला निश्चय त्या अवस्थेत बदलू नये. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यालाही चर्चच्या कायद्यानुसार किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान (धर्मशास्त्र) शिकावं लागतं, त्याला पाचारण, म्हणजे देवाची हाक, कितीही उत्कटपणे जाणवलं असलं तरी.