कोकणातील नद्यांमधील शैवले : पर्जन्य व अवर्षण यांचा परिणाम

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून अरबी समुद्राला मिळणाऱ्या नद्यांत शैवलांची वाढ, ऱ्हास व जातींची अदलाबदल मुख्यत्वे पाण्याच्या वेगावर अवलंबून असते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, कर्ली इ. नद्या आखूड व तीव्र उताराच्या आहेत. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला सरासरी सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो व त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. त्यामुळे अवर्षण म्हणजे येथे पाऊस न पडणे क्वचितच असते. सच्छिद्र जांभ्यातून पाणी लवकर निचरून जाते, पऱ्ये व व्हाळ (लहान ओढे) आटतात आणि नदी सुट्या कोंडींपुरती (पात्रातील डोहांपुरती) उरते, ही दरवर्षीची अवस्था लवकर आली किंवा लांबली, की तेच येथील अवर्षण होय.

पावसाळ्याच्या प्रारंभीच्या लोंढ्यांत धोंड्यांवरील तंतुमय शैवले खरवडून निघतात, गोटे गडगडतात आणि तांबूस गढूळ पाण्यामुळे तळाशी पोचणारा प्रकाश घटतो. या काळात पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहणारे करंडक (डायाटम; एकपेशीय शैवले) टिकून राहतात. पूर ओसरल्यावर दगडांवर प्रथम दिसणारा तपकिरी बुळबुळीत थर बहुधा त्यांचाच असतो. बेसाल्टच्या झिजेतून मिळणारी सिलिका त्यांच्या कवचांना उपयोगी पडते. धबधब्यांलगतच्या खडकांवर दिसणारे हिरवट, शेवाळासारखे आच्छादन मात्र नेहमी शैवलांचे नसते. पोडोस्टेमेसी कुलातील सपुष्प वनस्पतीही तशाच दिसतात व पाणी उतरू लागताच फुलतात.

पुरानंतर शैवले पुन्हा कोठून येतात, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार वरच्या बाजूने वाहत आलेल्या पेशी रुजतात. दुसऱ्या मतानुसार कपारींत बचावलेले अवशेष व तळातील विश्रामी (सुप्तावस्थेत राहणारे) बीजाणू यांपासून नवी वाढ होते. कोकणच्या बाबतीत दुसरे मत अधिक संभाव्य वाटते, कारण अनेक व्हाळांचे उगमाकडील भाग उन्हाळ्यात कोरडे पडलेले असतात आणि वाहत येण्याजोगा साठा पावसाच्या आरंभी तेथे फारसा नसावा. स्पायरोगायरा या तंतुमय हिरव्या शैवलामध्ये संयुग्मनानंतर (दोन पेशींच्या मीलनानंतर) तयार होणारे जाड भित्तीचे युग्मबीजाणू आणि काही नीलहरित शैवलांतील विश्रामी पेशी (ॲकिनीट) कोरड्या काळात तग धरतात. सड्यांवरचे (जांभ्याच्या उघड्या पठारांवरचे) नॉस्टॉक हे नीलहरित शैवल तर वाळून कागदासारखे झाल्यावरही पहिल्या पावसात फुगून वाढू लागते. प्रवाहातील तरंगत्या शैवलांबाबत, आखूड नद्यांत पाणी समुद्राला मिळण्याआधी त्यांच्या पिढ्या वाढण्यास अवधीच मिळत नाही, हे मत ग्राह्य दिसते.

सुक्या ऋतूत शैवलांची विविधता अधिक असते, हे विधान काहीसे सावधपणे घ्यावे लागते. स्पायरोगायराच्या जाती ओळखण्यासाठी युग्मबीजाणूंची लक्षणे लागतात, एम. एस. रंधावा यांच्या झिग्नेमेसी (१९५९) या प्रबंधग्रंथातील वर्गीकरणही मोठ्या प्रमाणात त्यांवर आधारलेले आहे. भर पावसातले वांझ (युग्मबीजाणू नसलेले) तंतू प्रजातीच्या (जीनस) पुढे ओळखता येत नाहीत आणि पुरात नमुने गोळा करणेही कठीण असते. त्यामुळे पावसाळी जातींची संख्या प्रत्यक्षाहून कमी भासण्याचा संभव आहे.

प्रवाह तुटल्यावर कोंडींतील पाणी तापते व निवळते आणि क्लॅडोफोरा, ईडोगोनियम, स्पायरोगायरा यांचे गोळे तरंगू लागतात. जांभ्यातील लोहऑक्साइडे फॉस्फेट धरून ठेवतात. परंतु साचलेल्या कोंडीच्या तळाशी ऑक्सिजन संपला, की त्यातील काही फॉस्फेट पाण्यात सुटते. म्हणून सांडपाणी नसलेल्या कोंडीतही उन्हाळ्याच्या अखेरीस नीलहरित शैवलांची दाट वाढ होऊ शकते. दिवसा शैवले ऑक्सिजन सोडतात, रात्री मात्र तोच वापरतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. वळवाच्या हलक्या सरीने प्रवाह सुरू न होता काठावरची खत-माती तेवढी कोंडीत उतरली, तर वाढ आणखी भडकते.

जलविद्युत प्रकल्पांचे अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी) मिळणाऱ्या नद्या या चक्राला अपवाद ठरतात. कोयना प्रकल्पाचे अवजल वाशिष्ठीत, तर भिऱ्याचे कुंडलिकेत येत असल्याने त्यांच्या त्या भागांत उन्हाळ्यातही प्रवाह राहतो. मात्र वीजनिर्मितीनुसार पातळी चढ-उतरत असल्याने काठालगतची शैवले आळीपाळीने उघडी पडतात.

खाड्यांत, गोड्या पाण्याचा ओघ घटल्यावर खारे पाणी आत सरकते आणि एंटेरोमॉर्फासारखी क्षारसह (खारे पाणी सहन करणारी) शैवले नदीमुखापासून वर पसरतात. पावसाळ्यात ती मागे हटतात.