लढतीच्या व्हिडिओ गेममधील त्रुटी आणि योगायोग: ठेवावेत की काढावेत?

कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ १९९१ मध्ये बाजारात आला. त्याआधी त्याची तपासणी सुरू असताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. बोनस फेरीत उभी केलेली मोटारगाडी फोडताना वेळ अचूक साधली, तर एका फटक्याचा परिणाम ओसरायच्या आत दुसरा फटकाही बसत होता. असे व्हावे अशी कोणाचीच योजना नव्हती. पण ही वेळ साधणे फार अवघड असल्याने खेळाडूंना तिचा फारसा उपयोग होणार नाही, असे समजून ती त्रुटी तशीच राहू दिली गेली. आज पुण्यातल्या एखाद्या गेमिंग कॅफेत ‘टेकन’ खेळणारी मुले ज्याला सर्रास ‘कॉम्बो’ म्हणतात, तो लागोपाठच्या फटक्यांचा प्रकार रूढ झाला तो या खेळापासून.

त्यामुळे एखादी युक्ती निर्मात्यांच्या मनात नव्हती, एवढ्याच कारणासाठी ती काढून टाकावी, हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. नशिबाचा अंश आहे म्हणून एखादी गोष्ट काढावी, हाही तितकाच लंगडा आहे. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: समोरच्या खेळाडूला उत्तर देण्याची संधी उरते की नाही?

ही संधी मोजता येते. असे बहुतेक खेळ सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रे, या वेगाने चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोटाने कळ दाबेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. याहून जलद येणारा फटका पाहून अडवणे शक्यच नसते. त्याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केले, की एकाचा फायदा तितकाच दुसऱ्याचा तोटा ठरणाऱ्या दोघांच्या खेळात चालींचे योग्य प्रमाणात मिश्रण करणे हे सर्वोत्तम धोरण असू शकते. थोडक्यात, ज्या खेळात संगणक एकही फासा टाकत नाही, तिथेही खेळाडू मनातल्या मनात फासे टाकतच असतात.

२००१ मध्ये आलेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’मधील ‘वेव्हडॅश’ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. या खेळात हवेत असताना फटका चुकवण्यासाठी एखाद्या दिशेला झेप घेता येते. उडी मारताच ही झेप तिरपी जमिनीकडे घेतली, तर पात्राचा खाली येण्याचा वेग जमिनीशी संपतो, पण आडवा वेग शिल्लक राहतो आणि घर्षणाने तो हळूहळू कमी होईपर्यंत पात्र घसरत जाते. जमिनीवर टेकल्यानंतर १० फ्रेम काहीच करता येत नाही. त्यानंतर मात्र घसरता घसरता हल्ला, बचाव किंवा पकड यांपैकी काहीही करता येते. लुइजी या पात्राला जमिनीची पकड कमी, म्हणून तो सर्वांत लांब घसरतो. या युक्तीने अंतर राखण्याचे डावपेच वाढले, आणि समोरच्यालाही ते दिसतात, त्यांवर तोड काढता येते. ती ठेवण्यासारखीच आहे, मग बोटांवर पडणारा ताण कितीही असो.

याउलट, त्याच वर्षीच्या ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २’ मधील ‘रोल कॅन्सल’ पाहावा. कोलांटी सुरू होताच पहिल्या काही फ्रेममध्ये विशेष हल्ल्याची कळ दाबली, की कोलांटी रद्द होते, पण कोलांटीत मिळणारे अभेद्यपण हल्ल्याला चिकटून राहते. धोक्याचा हल्ला त्यामुळे बिनधोक होतो. खेळाडूंनी त्याचा जीव तोडून सराव केला, हे मान्य आहे. तरीही मी तो काढला असता.

हा पेच केवळ पडद्यावरचा नाही. एकोणिसाव्या शतकात ज्या खेळाला इंग्रज ‘पूना’ म्हणत, त्या बॅडमिंटनमध्येही तो उद्भवला आहे. मलेशियाच्या सिदेक बंधूंची सर्व्हिस शटलच्या पिसांवर रॅकेट मारून केली जाई, त्यामुळे शटल वेडेवाकडे वळे आणि परतवणे फार कठीण होई. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर बंदी आली. २०२३ मध्ये बोटांनी शटलला गिरकी देऊन केलेल्या सर्व्हिसचेही तेच झाले. नियमांत न बसणारे काही त्यात नव्हते, पण सर्व्हिसवरच गुण संपू लागले तर रॅलीच उरत नाही.

आता संगणकाने टाकलेल्या फाशाबद्दल. ‘मेली’तले पीच हे पात्र जमिनीतून भाजी उपटते आणि क्वचित भाजीऐवजी बॉम्ब हाती लागतो. हा योगायोग निर्णयाच्या आधी घडतो. हातात काय आले ते दोघांनाही दिसते आणि पुढची चाल दोघेही त्यावरून ठरवतात. याच ‘स्मॅश’ मालिकेतल्या २००८ च्या ‘ब्रॉल’मध्ये मात्र धावायला सुरुवात करताना शंभरात एकदा पात्र अडखळून पडे. इथे फासा निर्णयानंतर पडतो, त्यामुळे योग्य चाल केलेल्यालाच शिक्षा होते. लुइजीच्या डोके पुढे करून मारलेल्या झेपेत आठात एकदा प्रचंड स्फोट होतो, त्याबाबत मात्र माझे मन डळमळते, कारण ती जोखीम निदान खेळाडू जाणून घेतो.

जास्त डाव खेळवले की नशीब आपोआप निष्प्रभ होते, असे स्पर्धांचे संयोजक म्हणतात. गणित इतके उदार नाही. प्रत्येक डाव जिंकण्याची ६० टक्के शक्यता असलेला खेळाडू तीन डावांची लढत सुमारे ६५ टक्के वेळा, पाच डावांची ६८ टक्के वेळा आणि सात डावांची ७१ टक्के वेळा जिंकतो. लढत दुपटीहून लांबवून पदरात पडतात ते सहा टक्के, आणि शनिवारी संध्याकाळी सभागृह रिकामे करून द्यायचे असते तेव्हा तेवढा वेळही नसतो.

म्हणून आयोजकांच्या हातातला खरा उपाय खेळाच्या मेनूमध्येच असतो. ‘स्मॅश’ मालिकेत लढतीदरम्यान आपोआप टपकणाऱ्या वस्तू बंद करता येतात आणि बहुतेक स्पर्धांत त्या बंदच ठेवतात. ‘ब्रॉल’मधल्या अडखळण्यासाठी तसा पर्याय नव्हता, धावायला लागताच होणारे ते पडणे २०१४ च्या पुढच्या आवृत्तीत निर्मात्यांनीच काढून टाकले.