रेंज कमी केली, म्हणून मोबाइल शक्य झाला

मोबाइलवरचा कॉल हवेतून थेट समोरच्याच्या फोनपर्यंत जातो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याचा बिनतारी प्रवास जवळच्या टॉवरपुरताच. पुढे तो बहुतेक वेळा केबलमधून एक्स्चेंजकडे जातो आणि पलीकडे शेवटच्या टॉवरवरून पुन्हा हवेत येतो. मग इतके टॉवर कशाला हवेत?

१७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात बेल कंपनीची मोटारीतली टेलिफोन सेवा सुरू झाली. यंत्र सुमारे ३६ किलोचे. कॉल ऑपरेटर जोडून देई. बोलताना बटण दाबून धरायचे, ऐकताना सोडायचे. हे सारे चालवून घेता आले असते. पण एकच दणकट ट्रान्समीटर शहरभर पोहोचत असल्याने एक चॅनल, म्हणजे एका संभाषणापुरती रेडिओ फ्रिक्वेन्सी, एकाने धरला की तो सगळ्या शहरासाठी अडे, आणि चॅनल होते मोजकेच. पुढे न्यूयॉर्कमध्ये दोन हजार ग्राहकांना १२ चॅनल वाटून घ्यावे लागत.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्स या बेलच्याच संशोधन संस्थेतल्या डग्लस रिंग यांनी उफराटा वाटणारा उपाय मांडला. शहराचे लहान षटकोनी भाग, म्हणजे सेल, पाडायचे आणि प्रत्येकात कमी ताकदीचा ट्रान्समीटर ठेवायचा. शेजारच्या सेलला वेगळी फ्रिक्वेन्सी. थोडे दूर गेले की तीच पुन्हा वापरायची. लहरी लांब पोहोचत नाहीत, हाच फायदा!

कल्पना मात्र बरीच वर्षे कागदावर राहिली. गाडी सेलची हद्द ओलांडताना चालू कॉल न तुटता पुढच्या टॉवरकडे सोपवायचा कसा? त्या हँडओव्हरच्या पद्धतीचे पेटंट बेल लॅब्सच्याच अमोस जोएल यांना १९७२ मध्ये मिळाले. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून प्रतिस्पर्धी बेल लॅब्सच्या जोएल एंगल यांना हातातल्या फोनवरून कॉल लावला. इतिहास बहुधा इथूनच सांगितला जातो, जरा अन्यायच आहे तो. सेल्युलर सेवा लोकांना मिळाली ती १९७९ मध्ये टोकियोत, मग १९८३ मध्ये शिकागोत.

येणाऱ्या कॉलची गंमत वेगळी. खिशातला फोन गप्प दिसला तरी आपण कोणत्या भागात आहोत हे नेटवर्कला कळवत असतो. कॉल आला की नेटवर्क ती नोंद पाहते आणि तेवढ्याच भागातल्या टॉवरवरून त्या फोनला हाक मारते. फोनने ‘ओ’ दिली की त्याला चॅनल मिळतो, मग घंटी वाजते.