मंडळाचा वर्ग आणि युनियनचा अभ्यासवर्ग

कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमधील कामगारांनी निवडून दिलेला प्रतिनिधी दोन दिवसांच्या वर्गाला जाऊन प्रमाणपत्र घेऊन आला, की माणूस तयार झाला असे युनियन धरून चालते. वर्ग कोणाचा होता, हे फारसे कोणी विचारत नाही.

कामगार शिक्षणाचे केंद्रीय मंडळ 1958 साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच असून आज हे मंडळ कामगार नेते दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीतील हे मंडळ शिक्षण अधिकारी घडवते, ते अधिकारी कामगारांमधूनच श्रमिक शिक्षक तयार करतात आणि हे शिक्षक आपल्या सहकाऱ्यांना शिकवतात. खेड्यांतील असंघटित मजुरांसाठीही मंडळ शिबिरे घेते. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, सरकारी योजना यांची तिथली माहिती प्रत्येक कामगाराच्या उपयोगाची असते, मग तो कोणत्याही युनियनचा असो वा नसो.

युनियनचा अभ्यासवर्ग मात्र दुसऱ्याच्या बाजूने उभे राहायला शिकवण्यासाठी असतो. समजा, रेच्यावरच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रावरच्या कामगाराला पाळी सुटताना ऑफिसात बोलावून आरोपपत्र पुढे केले. अशा वेळी ‘मिळाले, मजकूर मान्य नाही’ असे लिहून खाली तारखेसह सही करायची, आरोपातील दिवस हजेरीपटाशी ताडून पाहायचा आणि उत्तराची मुदत चुकू द्यायची नाही, हे प्रतिनिधीच्या हाताला आधीच वळलेले असावे लागते. आदर्श स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीचे नमुना नियम, जिथे लागू आहेत, तिथे खात्यांतर्गत चौकशीत युनियनचा पदाधिकारी कामगाराची बाजू मांडू शकतो. पण साक्षीदाराला उलट प्रश्न कसा विचारावा, हे नुसते ऐकून येत नाही. त्यासाठी एकाने मॅनेजर आणि दुसऱ्याने साक्षीदार व्हायचे आणि चार वेळा चुकायचे, एवढाच मार्ग माझ्या पाहण्यात आहे. निलंबनाच्या पहिल्या 90 दिवसांत निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो, हे मंडळाच्या वर्गातही कळेल, पण तो थकला तर अर्ज कोणाला व कसा लिहायचा, याचा सराव अभ्यासवर्गातच व्हायला हवा.

अडचण वेळेची आहे. कापसाच्या हंगामात वर्ग ठेवला तर मजुरी बुडते आणि ती भरून देण्याइतका पैसा लहान युनियनकडे नसतो. म्हणून पोळा झाल्यावर, रेचे सुरू होण्याआधीचे दिवस बरे. मंडळाचा वर्ग आधी झालेला असेल तर कायद्याची तोंडओळख पुन्हा करून द्यावी लागत नाही. प्रतिनिधी परतल्यावर प्रमाणपत्र पाहण्याऐवजी त्याला एकच विचारावे: आरोपपत्राचे उत्तर तुझ्या हाताने लिहून घेतले का?