पुणे, हैदराबाद, दिल्ली : फुटबॉलमधल्या एका जागेचा प्रवास

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबाद एफसीचं बिऱ्हाड दिल्लीला हललं आणि नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली झालं. बातम्यांमध्ये हा हैदराबादच्या चाहत्यांवरचा अन्याय म्हणून आला, आणि तो होताच. पण इंडियन सुपर लीगमधली ही जागा, म्हणजे लीगमध्ये खेळण्याचा हक्क, मुळात पुण्याची. २०१४ ते २०१९ हे पाच हंगाम तिच्यावर एफसी पुणे सिटीचं नाव होतं. बालेवाडीच्या स्टँडमध्ये नारिंगी जर्सी घालून बसणाऱ्यांनी २०१९मध्ये जे प्रश्न विचारले, तेच हैदराबादकरांनी सहा वर्षांनी विचारले. पुणेकरांना तेव्हा उत्तर मिळालं नव्हतं. हैदराबादकरांनाही मिळालेलं नाही.

महाराष्ट्रात उद्योगसमूहाने क्लब उभा करायचा आणि कंपनीचं धोरण बदललं की गुंडाळायचा, हे लीगच्या आधीपासून चालत आलं आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६मध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि चार वर्षांनी, २०१०मध्ये, बंद झाला. पैसा आता शालेय फुटबॉलकडे वळवतो आहोत, असं मालकांनी सांगितलं. २००७मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये (तेव्हाची राष्ट्रीय लीग) उपविजेता ठरला आणि २०१५मध्ये थांबला. भारत एफसी एकच हंगाम खेळला, तळाला राहिला. त्याला खालच्या श्रेणीत न खेळता थेट प्रवेश मिळाला होता आणि त्या अटींमुळे पदावनती (तळाच्या संघाने खालच्या श्रेणीत जाणं) लागू नव्हती, तरीही मालकांनी पुढच्या हंगामाला नकार दिला. त्याच थेट प्रवेशाच्या वाटेने डीएसके शिवाजीयन्स आला आणि २०१७मध्ये गेला. २०१४-१५च्या हंगामात पुण्यात आय-लीगचे दोन आणि सुपर लीगचा एक, असे वरच्या पातळीचे तीन संघ होते. २०१९च्या ऑगस्टअखेर एकही उरला नाही.

एफसी पुणे सिटीची कथा मात्र या साच्यात बसत नाही. बाकीचे क्लब नुसते बंद पडले. हा संघ बंद पडला तेव्हा त्याची लीगमधली जागा दुसऱ्याच्या हाती गेली.

मालक बदलण्याआधी मैदानावर काय चाललं होतं ते पाहायला हवं, कारण चाहत्यांची नाराजी तिथूनच सुरू झाली. पहिल्या वर्षी इटलीच्या फिओरेन्टिनाशी भागीदारी होती, म्हणून प्रशिक्षक इटालियन आणि परदेशी खेळाडूंत इटालियन लीगमधल्यांचा भरणा. आघाडीला दावीद त्रेझेगे, ज्याचा उमेदीचा काळ केव्हाच मागे पडला होता. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक इंग्लिश, आणि इंग्लंडमध्ये खेळलेले बचावपटू आले. मोठं नाव होतं एड्रियन मुटू. त्याच उन्हाळ्यात मुंबईत झालेल्या लिलावात क्लबने मधल्या फळीतल्या युजीनसन लिंगडोहवर १.०५ कोटी रुपये लावले. त्या लिलावात याहून मोठी बोली फक्त सुनील छेत्रीवर लागली, १.२ कोटींची. तिसऱ्या वर्षी प्रशिक्षक स्पॅनिश. मोठं नाव आइसलँडच्या आयडूर गुडजॉनसनचं, पण तो हंगाम सुरू होण्याआधीच जायबंदी झाला आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आला. चौथ्या वर्षी सर्बियन. पाचव्या वर्षी पुन्हा स्पॅनिश, त्याला तीन सामन्यांनंतर काढलं, मध्ये हंगामी भारतीय प्रशिक्षक आणि शेवटी पुन्हा इंग्लिश.

दर वर्षी प्रशिक्षक बदलला की परदेशी खेळाडूंची यादीही बदलते. सुरुवातीच्या हंगामांत लीग ऑक्टोबर ते डिसेंबर अशी जेमतेम अडीच महिने चालायची, त्यामुळे परदेशी खेळाडूचा करार साधारण एका हंगामाचाच असे. भारतीय खेळाडूंतले बरेचसे आय-लीगच्या क्लबांकडून लोनवर, म्हणजे तात्पुरते उसने, घेतलेले. म्हणजे डिसेंबरअखेर क्लबच्या हाती जर्सी आणि कार्यालय सोडून फारसं काही उरत नसे. खेळाडू विकून फी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. करार संपलेला खेळाडू फुकट जातो आणि पुढच्या वर्षी त्या जागेसाठी नव्याने पैसे मोजावे लागतात. मैदानावर एका वेळी परदेशी खेळाडू जास्तीत जास्त सहा (२०१७पासून पाच, २०२१पासून चार). त्यातले दोन जरी फसले तरी संघाचा कणा जातो. बदली खेळाडू आणायचा तर नोंदणीची मुदत, आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र, व्हिसा, मग इथल्या हवेशी जुळवून घेणं. एवढं होईपर्यंत अडीच महिन्यांचा हंगाम निम्मा उलटलेला.

क्लबला हे कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही, कारण २०१७-१८मध्ये नेमकं उलट केलं गेलं. लीग लांबली होती, त्यामुळे करारही लांबले. ब्राझीलचा मार्सेलिन्हो आदल्याच हंगामात दिल्लीकडून दहा गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला होता, आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो नॉर्थईस्टकडून खेळलेला होता. इथली मैदानं, इथला प्रवास आणि इथली दमट हवा दोघांनाही ठाऊक होती. सोबत पुण्याच्या अकादमीतून आलेला आशिक कुरुनियन. तो मुळात बंद पडलेल्या पुणे एफसीच्या अकादमीतला. ती अकादमी नंतर पुणे सिटीने घेतली, म्हणून तो मुलगा शहरात टिकला. त्या वर्षी क्लब चौथा आला आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. पुण्यातला सामना गोलशून्य राहिला, बंगळुरूत छेत्रीने तीन गोल केले आणि प्रवास संपला. तरी शहराला पहिल्यांदा असा संघ मिळाला होता, ज्याच्यावर पुढच्या वर्षीही काही बांधता आलं असतं.

तो सर्बियन प्रशिक्षक पुढच्या वर्षी राहिला नाही. २०१८-१९चा हंगाम सुरू होता होता मालक समूहातल्या गृहकर्ज कंपनीची बाजारातली पत कोसळली. संघ सातवा आला. जानेवारीत अल्फारो कोलकात्याला लोनवर गेला, उन्हाळ्यात आशिक बंगळुरूला. विक्रीयोग्य खेळाडू आधी जातात आणि क्लबची घोषणा मागून येते. अशा वेळी घटनाक्रम जवळपास नेहमी हाच असतो.

आता त्या २०१९च्या निर्णयाकडे. ऑगस्टअखेर जाहीर झालं की एफसी पुणे सिटी यापुढे लीगमध्ये नसेल आणि त्या जागी हैदराबादचा नवा क्लब खेळेल. कागदोपत्री हा नवा क्लब : नवे मालक, नवं बोधचिन्ह, पिवळी जर्सी. प्रत्यक्षात प्रशिक्षक पुण्याचाच, आणि मार्सेलिन्हो, आदिल खान, आशिष राय, निखिल पुजारी यांच्यासह संघाचा मोठा भाग पुण्यातून उचललेला. मग हा पुणे सिटीच आहे की दुसरा कुणी? त्याच उन्हाळ्यात दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. तिथे मालक तेच होते, म्हणून ते स्थलांतर मानलं गेलं. २०२५मध्ये हैदराबादची जागा दिल्लीला गेली तेव्हाही नव्या मालकांनी तीच वाट धरली. तीन घटना, बाहेरून सारख्या, पण हिशेब वेगळे : एकीत मालक आणि शहर दोन्ही बदलले, दोघींत फक्त शहर.

हा फरक कागदापुरता नाही, तो देण्यांपाशी टोचतो. फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडू पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार मोडू शकतो. निकाल खेळाडूच्या बाजूने लागला आणि क्लबने रक्कम भरली नाही, तर नवे खेळाडू नोंदवायला बंदी येते. क्लब ‘तोच’ असेल तर जुनी देणी त्याच्यामागे येतात. क्लब ‘नवा’ असेल तर आधी तो जुन्याचा क्रीडा-वारस आहे का हे ठरवावं लागतं : नाव, रंग, शहर, खेळाडू, मालकी, खेळण्याचा प्रवर्ग, सगळं तपासून. म्हणून नव्या मालकाला सगळं नवं दाखवण्यात रस असतो. चाहत्याला हवा असतो वारसा, आणि नव्या मालकाला नेमका तोच नको असतो. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ मिल्टन कीन्सला हलवायला २००२मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा क्लब काढला आणि जुन्या चषकांवरचा हक्क वर्षानुवर्षं लढवून २००७मध्ये तो मूळ वस्तीकडे परत आणला. पुण्यात भांडायला चषकही नव्हता.

मुळात इथे मालकाकडे मालकी कशाची असते? लीगने दिलेल्या सहभागाच्या हक्काची. त्यासाठी तेव्हा वर्षाला दहा कोटींहून जास्त फी भरावी लागे, संघाच्या पगाराचा खर्च वेगळा. मैदान सरकारी, भाड्याने घेतलेलं. पदावनती नव्हती, आणि खालून वर येण्याचा रस्ताही २०२२-२३चा आय-लीग विजेता वर येईपर्यंत बंद होता. वर येण्याची वाट असती तर पुण्यात कुणी नवा क्लब काढून, खालच्या पायरीपासून चढत परत आला असता. बंद लीगमध्ये जागा गेली की शहरच नकाशावरून जातं. माझ्या मते २०१९चा खरा दोष मालकांच्या आर्थिक अडचणीत नाही, उद्योग बुडतात. दोष आहे तो जागा शहराशी बांधणारं एकही कलम कुणाला आवश्यक वाटलं नाही यात.

हैदराबादचं पुढे काय झालं ते थोडक्यात. पहिल्या हंगामात अठरा सामन्यांत दोन विजय, तळाचं स्थान. मग धोरण बदललं : नवा स्पॅनिश प्रशिक्षक, त्याला सलग तीन हंगाम, तरुण भारतीय खेळाडूंना लांब करार. २०२२च्या मार्चमध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून ते विजेते झाले. खेळाडू निवडीचं धोरण दोन-तीन वर्षं न हलवता ठेवलं की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण या लीगमध्ये सापडणं अवघड. त्यानंतर पगार थकले, नोंदणीबंदी आली, जानेवारी २०२४मध्ये परदेशी खेळाडू निघून गेले आणि तो हंगाम बावीस सामन्यांत एका विजयावर संपला.

गोव्याची नाराजी वेगळ्या जातीची. तिथे क्लब जुने आणि लोकांच्या घरातले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला डेम्पो २०१६मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर चढला आणि त्याच वर्षी साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवासोबत आय-लीगमधून बाहेर पडला. सुपर लीगला वरचं स्थान देणारा आराखडा मान्य नव्हता, हे कारण. डेम्पोचे मालक तेव्हा सुपर लीगमधल्या एफसी गोवाच्या भागीदारांपैकी होते, हे गोव्यातला चाहता विसरलेला नाही. डेम्पो आय-लीगमध्ये परतला तो २०२४-२५मध्ये.

एफसी गोवाच्या चाहत्यांचा राग ३१ जानेवारी २०२०चा. संघ गुणतक्त्यात पहिला, साखळीतले तीन सामने बाकी, आणि प्रशिक्षकाला काढलं. संघाने ते तिन्ही सामने जिंकले, साखळीतलं पहिलं स्थान आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतला भारतीय क्लबचा पहिला प्रवेश मिळवला. त्यामुळे निर्णय बरोबर होता असं म्हणणारेही आहेत. किंमत उन्हाळ्यात चुकवावी लागली. तो प्रशिक्षक मुंबई सिटीकडे गेला, पाठोपाठ मुर्तदा फॉल, अहमद जाहू, मंदार राव देसाई, आणि करारातली ठरलेली रक्कम मोजून ह्युगो बुमूस. २०२१च्या उपांत्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टीवर हरवलं आणि फातोर्ड्याच्याच मैदानावर चषक उचलला. प्रशिक्षकाच्या पाठीमागे खेळाडू जाऊ शकतात हे धरून करार करावे लागतात : मुदती एकाच वर्षी संपू द्यायच्या नाहीत, सुटकेची रक्कम (करार मध्येच सोडवायला मोजावी लागणारी) अशी ठेवायची की प्रतिस्पर्ध्याला ती सहज परवडू नये. गोव्याने दोन्ही केलं नाही. पुढच्याच वर्षी, २०२१च्या डिसेंबरमध्ये, नवा प्रशिक्षकही अशीच सुटकेची रक्कम भरून कोलकात्याने नेला.

मुंबईकडे तेव्हा हेव्याने पाहिलं जायचं. २०१९मध्ये ६५ टक्के हिस्सा मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने घेतला होता, आणि परदेशी खेळाडू शोधण्याचं त्यांचं जाळं इथल्या कुठल्याही क्लबकडे नव्हतं. पण २०२४मध्ये चषक जिंकल्याच्या काही आठवड्यांत संघातला आपुया मोहन बागानला आणि पेरेरा डियाझ बंगळुरूला गेला. कूपरेज ते अंधेरी, सगळीकडच्या चाहत्यांना तेव्हाच शंका आली की समूहाचा इथला रस आटतो आहे. २०१०मध्ये झालेला लीगचा पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा व्यापारी करार २०२५च्या डिसेंबरमध्ये संपला, पुढचा ठरला नाही, हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, आणि त्याच महिन्यात समूहाने आपला हिस्सा मूळ भागीदारांना परत देऊन काढता पाय घेतला.

पुणे सिटी गेल्यानंतर बालेवाडीत आशियाई पातळीचा सामना झाला, सप्टेंबर २०२३मध्ये, इराणच्या नस्साजीविरुद्ध. यजमान मुंबई सिटी होती. लीगची नवी व्यवस्था आता लिहिली जाते आहे. त्यात मालकाने शहर, नाव किंवा बोधचिन्ह बदलण्याआधी कुणाची संमती घ्यायची, आणि मालक गेला तर अकादमीतल्या मुलांच्या नोंदणीचं काय करायचं, या दोन कलमांकडे पुणेकरांचं लक्ष असेल. इंग्लंडने २०२५मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा केला तेव्हा यातलं पहिलं कलम त्यात घातलं आहे.