गार फुटते, फेल्डस्पार चिरतो

खानापूरकडच्या आमच्या पाहुण्यांनी शेतात विहीर काढली. पाण्याच्या आधी पांढऱ्या दगडाची शीर लागली. तो दगड सगळा बांधावर ढीग करून पडला. मी त्या ढिगाशी बसून एकेक तुकडा उन्हात धरून फिरवतोय हे बघून काकू म्हणाल्या, "गारगोट्या त्या. घेऊन काय करतासा?" कामावरच्या कन्नड गड्याचंही मत तेच, फक्त त्याचा शब्द बेणचुकल्लु. दोघांचंही निम्मं बरोबर होतं. ढिगात गार होती तशी फेल्डस्पारही होता, आणि लांबून दोन्ही सारखेच पांढरे.

यात काकूंचा दोष नाही. आपल्याकडे पांढरा कडक दगड दिसला की तो गारगोटी. फेल्डस्पारला बोलीत वेगळं नाव मी आजवर ऐकलेलं नाही. गंमत अशी की पृथ्वीच्या कवचात निम्म्याहून जास्त भाग फेल्डस्पार गटातल्या खनिजांचा आहे आणि गार, म्हणजे क्वार्ट्झ, जेमतेम 12 टक्क्यांच्या आसपास. ज्याने गाव भरलंय त्यालाच नाव नाही! जर्मन लोकांनी मात्र नाव नेमकं ठेवलं. फेल्ड म्हणजे शेत, आणि श्पाट म्हणजे सपाट चिरणारा दगड. शेतातला चिरणारा दगड. ओळखायची खूण त्या नावातच आहे.

मराठीत आणखी एक घोळ आहे. स्फटिक हा शब्द आपण क्रिस्टलसाठीही वापरतो आणि क्वार्ट्झसाठीही. स्फटिकाची माळ क्वार्ट्झची असते, पण मिठाचा खडाही स्फटिकच. म्हणून इथे क्वार्ट्झला मी गारच म्हणणार आहे.

विहिरीत लागलेली ती शीर पेग्मटाइटची, म्हणजे फार मोठ्या दाण्यांच्या ग्रॅनाइटसारख्या दगडाची होती. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, निवत जातो तसं त्यातलं पाणी आणि इतर खनिजांत न सामावलेली मूलद्रव्यं शेवटच्या रसात साठत जातात. हा उरलेला रस पातळ असतो, त्यात स्फटिकांना वाढायला मोकळीक मिळते. साध्या ग्रॅनाइटमध्ये तांदळाएवढे असणारे दाणे इथे मुठीएवढे होतात, कधी त्याहून कितीतरी मोठे. अभ्रकाची पानं, काळं टुर्मलीन, बेरिल ही मंडळी अशाच शिरांतून येतात. मंड्या जिल्ह्यात मरलगल्ला भागात ज्या 1,600 टन लिथियमची बातमी झाली होती, तेही पेग्मटाइटमधलंच. पण संग्राहक ज्यांच्यामागे धावतात ती ही खनिजं शिरेत थोडी. मोठा भाग गार आणि फेल्डस्पार यांनीच भरलेला असतो, आणि हे दोन जण ओळखता आले नाहीत तर बाकीचं शोधण्यात अर्थ नाही.

बेळगाव जिल्ह्यात हे दगड सगळीकडे मिळणार नाहीत. निपाणी, चिकोडी, अथणी हा काळ्या कातळाचा मुलूख, दख्खनच्या लाव्हाचा. तिथे पेग्मटाइट नसतो. कातळातल्या पोकळीत जे सापडतं ते गार, अकीक किंवा झिओलाइट नावाची मऊसर खनिजं. झिओलाइटची मोत्यासारखी गुलाबी-पांढरी चमक बघून कुणी फेल्डस्पार म्हणतो, पण पोलादी सुरीने ते सहज ओरखडतं, फेल्डस्पार ओरखडत नाही. विषय संपला. दक्षिणेकडे खानापूर, कित्तूर, बैलहोंगलच्या बाजूला लाव्हाचं पांघरूण सरतं आणि खालचे नाइस आणि शिस्ट हे पट्ट्यापदरांचे जुने खडक उघडे पडतात. पेग्मटाइटच्या शिरा शोधायच्या त्या या जुन्या दगडात.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण पहिली चाचणी करतात ती काचेची. बाटलीवर दगड ओढायचा, चरा उठला की गार. मीही अनेक वर्षं हेच करत होतो आणि माझ्या कपाटात तोवर 'गार' अशी चिठ्ठी लावलेले चांगले पाच-सहा फेल्डस्पार जमले होते. खनिजांच्या कठिनतेच्या एक ते दहा या मापावर काच साधारण साडेपाच, फेल्डस्पारची सहा, गारेची सात. म्हणजे काचेला दोघंही ओरखडतात. ही चाचणी दोघांना कॅल्साइटसारख्या मऊ पांढऱ्या खनिजापासून वेगळं करते, एकमेकांपासून नाही. करायचंच असेल तर खात्रीची गार हातात घेऊन तिचं टोक संशयित दगडावर दाबून ओढा. फेल्डस्पारवर चरा उमटेल, गारेवर उमटणार नाही. बोट फिरवून चऱ्याची पूड पुसून मगच बघा, नाहीतर ओढणाऱ्या दगडाचीच पूड चरा वाटते.

वजनावर जाऊ नका. गारेची घनता 2.65, पोटॅशियमवाल्या फेल्डस्पारची 2.56 च्या आसपास. हाताला हा फरक कळत नाही.

खरं कळतं ते फुटण्यातून. गारेत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध सगळ्या दिशांना जवळपास सारख्याच ताकदीचे असतात, त्यामुळे तिला फुटायला सोयीची अशी एकही पातळी नाही. हातोडी बसली की ती वाटेल तशी फुटते, आणि फुटलेल्या जागी शिंपल्यावर असतात तशा वक्र लाटा दिसतात. पुस्तकात याला शंखाभ भंजन म्हणतात. फेल्डस्पारचा सांगाडाही तसाच विणलेला, पण त्यात काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं असतं आणि मधल्या पोकळ्यांत पोटॅशियम, सोडियम किंवा कॅल्शियम. या रचनेत दोन पातळ्या कच्च्या राहतात. दगड त्या पातळ्यांवर चिरतो. हे पाटन. दोन पातळ्यांमधला कोन नव्वद अंशांचा किंवा त्याला अगदी लागून असतो, म्हणून फेल्डस्पारचा तुकडा विटेच्या कोपऱ्यासारखा दिसतो.

हातोडी न मारताही हे दिसतं. तुटका तुकडा उन्हात धरा आणि मनगट हळूहळू फिरवा. फेल्डस्पार असेल तर एका क्षणी अख्खा पृष्ठभाग एकदम आरशासारखा लखकतो आणि पुढच्याच क्षणी विझतो. गार अशी लखकत नाही. तिच्यावर चमक असते, पण ती तुटक, ओलसर, थोडी तेलकट, इथून तिथे सरकणारी. एकदा डोळ्यांना ही सवय झाली की ढिगाशेजारून चालतानाही फेल्डस्पार हाक मारतो.

सराव करायला खाण शोधायची गरज नाही. आपल्या भागात बांधकामाला इलकलचा लाल ग्रॅनाइट भरपूर दिसतो. (साडीला आपण इरकल म्हणतो, दगडाला इलकल. गाव एकच.) त्याचा लालसर-गुलाबी रंग पोटॅशियम फेल्डस्पारचा, मधले धुरकट काचेरी ठिपके गारेचे. पण ओट्याच्या पॉलिश केलेल्या तोंडावर चमक शोधू नका, तिथे यंत्राने सगळ्यांनाच सारखं गुळगुळीत केलेलं असतं. फरशीवाल्याच्या दुकानामागे पडलेला तुटका काठ बघा.

रंगावर विश्वास ठेवला की फसगत ठरलेली. मी एका प्रदर्शनात रोझ क्वार्ट्झ म्हणून 400 रुपये मोजून गुलाबी दगड आणला. घरी खिडकीत ठेवला आणि सकाळी ऊन आलं तसा तो लखकला. फेल्डस्पार! विकणारा खोटारडा नव्हता, त्यालाही कुणीतरी तेच सांगितलं असणार. दोघांतही गुलाबी आहे, दोघांतही हिरवा आहे. पेग्मटाइटमधल्या गारेचा रंग बऱ्याचदा धुरकट असतो, कारण गारेत किंचित ॲल्युमिनियम असतं आणि आजूबाजूच्या खनिजांतल्या किरणोत्साराने लाखो वर्षांत तिचा रंग बदलतो. तापवली की ती पुन्हा पांढरी पडते. फेल्डस्पारातला ॲमेझोनाइट हिरवा-निळा. त्याचा रंग तांब्यामुळे असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं, पुढे तो किंचित शिशामुळे असल्याचं दिसून आलं. सोनाराकडचा चंद्रमणीही फेल्डस्पारच.

उन्हापावसात मात्र दोघांचे मार्ग पार वेगळे होतात. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला जो पाऊस पडतो तो सोसणं फेल्डस्पारला जमत नाही. पाणी त्यातलं पोटॅशियम हळूहळू धुऊन नेतं आणि मागे केओलिन उरतं, चिनी मातीतला मुख्य घटक. असा कुजका फेल्डस्पार नखानेही खरवडतो, खडूसारखा पांढरा पडतो, आणि मग कठिनतेची कुठलीही चाचणी त्याच्यावर चालत नाही. आतला ताजा भाग फोडूनच बघावा लागतो. गार तशीच राहते. शेतात नांगरताना गारगोट्या लागतात त्या म्हणूनच. सोबतचा फेल्डस्पार केव्हाच माती झालेला असतो, त्या मातीत आपण भात लावतो. गोकाकला घटप्रभा 52 मीटरवरून जिथे कोसळते तो कडाही असाच. तो वाळूचा दगड, आणि ती वाळू मुख्यतः गारेची. दोघं एकाच खडकातून निघाले तरी लांबच्या प्रवासात टिकून राहते ती गारच.

संग्रहात ठेवताना दोघांकडून अपेक्षा वेगवेगळ्या ठेवाव्यात. गारेचा नमुना चांगला कधी? सहा बाजूंचा खांब, त्यावर आडव्या बारीक रेघा, आणि टोक शाबूत. टोक तुटलं की किंमत आणि शोभा दोन्ही गेली. पण पेग्मटाइटच्या शिरेत अशी टोकदार गार सहसा मिळत नाही. तिथे फेल्डस्पार आधी वाढतो, भिंतीकडून आत, आणि गार बहुधा शेवटी येऊन मधली उरलेली जागा भरते. एसटीत आधी चढलेला खिडकी पकडतो, नंतरचा मिळेल तिथे उभा राहतो, तसं. शिरेत कुठे पोकळी राहिली असेल तरच गारेला टोक फुटतं. म्हणून पेग्मटाइटमध्ये आकाराच्या बाबतीत मला फेल्डस्पारचं कौतुक जास्त वाटतं: ठोकळेबाज, जड, भरीव, कधी दोन स्फटिक एकमेकांत घुसून जुळे झालेले.

पण इथेच दुसरा सापळा आहे. चिरलेला सपाट पृष्ठभाग म्हणजे स्फटिकाची मूळ बाजू नव्हे. बाजारात फेल्डस्पारचा नुसता तुटका ठोकळा स्फटिक म्हणून खुशाल विकला जातो. काठाकडे भिंगातून बघा. चिरलेल्या पृष्ठभागावर पातळ पायऱ्या दिसतात, एकीखाली एक, सगळ्या समांतर आणि सगळ्या एकाच वेळी चमकणाऱ्या. मूळ वाढीच्या बाजूवर अशा पायऱ्या नसतात. ती बहुधा थोडी मंद असते, तिच्यावर अभ्रकाचे कण किंवा मातीचे डाग रुतलेले असतात.

धुताना गारेवरचे तांबडे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, पण ते विषारी आहे, स्वयंपाकघरातल्या भांड्यात नको. फेल्डस्पारला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. गरम-गार पाण्याचा झटका बसला तर तो चिरेवर उकलतो. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि गारेची धूळ नाकात जाऊ देऊ नये. ती फुप्फुसात बसली की निघत नाही. भीमगड अभयारण्यातून खडाही उचलायचा नाही. बाकी शेतातून, मालकाला विचारून. आणि चिठ्ठीवर गाव, शिवार आणि तारीख लिहावी. नाव चुकलं तर पुढे दुरुस्त करता येतं, गाव विसरलं तर काहीच करता येत नाही.

त्या विहिरीच्या ढिगातून मी एकच तुकडा घरी आणला, आणि त्याच्या चिठ्ठीवर मला दोन्ही नावं लिहावी लागली. मळकट पिवळसर फेल्डस्पार, आणि त्यात राखाडी गारेच्या लहान कोनदार रेघा, ओळीने मांडलेल्या. दोघं एकाच वेळी वाढले की असं होतं. याला ग्राफिक ग्रॅनाइट म्हणतात. पेग्मटाइट हे नावही मुळात 1822 मध्ये फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आउई यांनी याच दगडाला दिलं होतं. आजचा व्यापक अर्थ 1845 मध्ये हाइडिंगर यांच्याकडून आला. युरोपातल्या लोकांना त्यात हिब्रू अक्षरं दिसली. मी तो काकूंपुढे धरला तर त्या म्हणाल्या, "हे तर आमच्या जुन्या खरेदीपत्रागत दिसतंय." मोडीच की! दगड उन्हात फिरवला. कागद अख्खा लखकला, एकाच वेळी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. अक्षरं तेवढी काळी राहिली.