वर्तुळ चपटं का होतं?

लेझर मशीनवर कापलेलं वर्तुळ घड्याळाच्या तबकडीसारखं समोर धरा. तीन आणि नऊच्या जागी ते चपटं दिसलं, तर डावी-उजवीकडे धावणारा बेल्ट ढिला झालाय. बारा आणि सहाच्या जागी चपटं दिसलं, तर पुढे-मागे नेणारा. या बिंदूंवर हेडला, म्हणजे किरण खाली सोडणाऱ्या भागाला, उलट फिरायचं असतं. मोटर फिरू लागते, पण बेल्टचा झोल भरून निघेपर्यंत हेड जागचं हलत नाही. दुसऱ्या दिशेची चाल मात्र चालूच असते, म्हणून तेवढी रेघ सरळ निघते.

लाकूड-अ‍ॅक्रिलिक कापणारा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी घडवला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात. या लेझरचा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा किरण कितीही नेमका असला, तरी त्याला फिरवणारा बेल्टच असतो. २ मिमी अंतरावर दाते असलेला बेल्ट आणि २० दात्यांची पुली घेतली, तर एका फेऱ्यात हेड ४० मिमी सरकतं. स्टेपर मोटर हा फेरा २०० पावलांत पुरा करते, म्हणजे पाऊल ०.२ मिमीचं. साध्या मशीनमध्ये हेड खरंच पोहोचलं का, हे मोटरला कळायची सोयच नसते.

कोरीव कामात अक्षरांच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी आल्या, तर वेग निम्मा करून पुन्हा कोरा. दाते वेगाबरोबर लहान झाले, तर किरण पेटायला होणारा उशीर कारणीभूत आहे आणि तो सॉफ्टवेअरमध्ये सुधारतो. तेवढेच राहिले, तर झोल आहे.

तरीही लगेच बेल्ट आवळू नका. मशीन बंद करून मोटरच्या दांड्यावरून पुलीवर मार्करने एक रेघ ओढा, मग थोडं काम करून घ्या. रेघ तुटली, तर पुलीला दांड्यावर घट्ट धरणारा छोटा ग्रब स्क्रू सैल आहे. बेल्ट बिचारा ठीकच असतो!

ताण जोखायला कान उत्तम. तानपुऱ्याच्या तारेचाच नियम इथे चालतो: लांबी तीच ठेवून ताण चौपट केला, की स्वर एक सप्तक वर जातो. गॅन्ट्री, म्हणजे हेड वाहून नेणारा आडवा दांडा, एका टोकाला नेऊन दोन्ही बाजूंचे बेल्ट सारख्याच लांबीवर छेडा. स्वर जुळले पाहिजेत. फार आवळलात, तर बेअरिंग झिजतं आणि मोटर पावलं चुकवते.

आता गुण्या. ३०० बाय ४०० मिमीचा आयत आखून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५०० भरले नाहीत, तर गॅन्ट्री तिरकी आहे. किरण हेडपर्यंत आरशांवरून येतो आणि त्यातला दुसरा आरसा तिच्यावरच बसलेला असतो. गॅन्ट्रीची एक बाजू १ मिमी मागे राहिली, की दूरच्या टोकाला किरणाचा ठिपकाही हेडवर जवळपास तेवढाच सरकतो. आरशाचे स्क्रू पिळायची घाई अनेकांना असते, आणि गॅन्ट्री सरळ केली की ती सगळी मेहनत वाया जाते. म्हणून माझा आग्रह आहे: आधी बेल्ट, मग काटकोन, आरसे शेवटी.

आरशांसाठी हेडच्या भोकावर मास्किंग टेप लावा, झाकण बंद करा आणि कमी शक्तीचा क्षणभर झोत सोडा. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळा कायमचा निकामी करू शकतो, तेव्हा झाकण उघडून हा प्रयोग कधीच करू नका. हेड जवळ असताना आणि दूर असताना पडलेले डाग एकावर एक आले, की वर्तुळ पुन्हा कापा आणि व्हर्नियरने आडवा-उभा व्यास ताडून पाहा.